रेडिओ संदेशवहनाची सुरक्षितता, सैनिकी : रायगड किनारा

सैनिकी संदेश शत्रूस कळू नये, त्यात कोणास फेरफार करता येऊ नये, तो ज्याच्या नावाने आला त्याचाच आहे हे ताडून पाहता यावे आणि नेमक्या वेळी तो पोहोचावा, यांसाठी योजण्यात येणाऱ्या उपायांना संदेशवहनाची सुरक्षितता असे म्हणतात. सामान्यतः या विषयाचा विचार करताना गुप्ततेवरच भर दिला जातो. परंतु संदेशाची गुप्तता आणि संदेश पाठविणाऱ्याची ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रायगड किनाऱ्याचा आणि त्याला लागून असलेल्या मुंबई बंदराचा इतिहास पाहता, येथील बहुतेक गंभीर प्रसंग गुप्त संदेश फुटल्यामुळे उद्‌भवलेले नसून, समुद्रावरून येणारा कोण आहे हे न ओळखता आल्यामुळे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला होता त्यांनी तो न पाळल्यामुळे उद्‌भवले, असे दिसून येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेल्या सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओमुळे हा प्रश्न मिटला नाही. उलट त्याला नवे व अधिक व्यापक रूप प्राप्त झाले.

भौगोलिक पार्श्वभूमी : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव देण्यात आले. उत्तरेस उरण-करंजापासून दक्षिणेस बाणकोट खाडीपर्यंतचा त्याचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी या खाड्या, खांदेरी-उंदेरी ही बेटे, कुलाबा व जंजिरा हे जलदुर्ग आणि असंख्य लहान मासेमारी बंदरे यांमुळे लपण्यास व नकळत माल उतरविण्यास येथे सोयीच्या जागा पुष्कळ आहेत. उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार असून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. युद्धनौका, परदेशी मालवाहू जहाजे आणि कोळ्यांच्या होड्या एकाच जलक्षेत्रात वावरतात आणि त्यांचे रेडिओ तरंग एकाच अवकाशातून जातात. अतिउच्च कंप्रतेचे (३० ते ३०० मेगॅहर्ट्‌झ) तरंग साधारणपणे सरळ रेषेत जात असल्याने त्यांचा पल्ला आकाशकाच्या उंचीवर अवलंबून असतो. समुद्रसपाटीपासून १०० मी. उंचीवरील किनारी आकाशक आणि नौकेवरील २० मी. उंचीचा आकाशक यांच्यात सु. ६० किमी. अंतरापर्यंत संपर्क साधता येतो. संपर्काचा हा पल्ला मित्राला जितका उपलब्ध असतो, तितकाच चोरून ऐकणाऱ्यालाही उपलब्ध असतो.

दूरच्या संपर्कासाठी वापरण्यात येणारे ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग आयनांबरावरून परावर्तित होतात. सूर्यावरील उत्पातांमुळे चुंबकीय वादळे झाल्यास हा संपर्क विस्कळित होतो. या दृष्टीने अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळेचे कार्य उल्लेखनीय आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असल्याने कुलाबा येथील चुंबकीय मापने दूषित होतील हे ओळखून १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला सुरू करण्यात आली. पुढे १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे तिचे काम आले. या संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. संपर्क तुटला तो शत्रूने केलेल्या व्यत्ययामुळे की निसर्गामुळे, हे ठरविण्यास अशा नोंदींचा उपयोग होतो.

दस्तकांचा काळ : समुद्रावरील ओळखीचा प्रश्न रेडिओपेक्षा फार जुना आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेली जहाजे पकडण्यास प्रारंभ केला. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी कुलाबा किल्ला हे आपल्या आरमाराचे प्रमुख ठाणे करून कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांसाठी स्वतःची दस्तके लागू केली. ज्याच्याजवळ दस्तक त्याला अभय, अशी ही पद्धत होती. इंग्रजांनी आंग्र्यांचा हा अधिकार मानला नाही आणि त्यातून दीर्घकाळ संघर्ष चालला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी अयशस्वी झाली. दस्तकाचे बळ त्याच्या कागदात नव्हते. ते देणाऱ्याचा अधिकार, शिक्क्याची खात्री आणि तपासणाऱ्या गलबतावरील माणसाचा प्रामाणिकपणा या तीन गोष्टींत होते. परका ध्वज लावून ओळख लपविण्याची युक्ती त्या काळी सर्वत्र रूढ असल्याने नुसत्या खुणेवर विश्वास ठेवणे धोक्याचे होते.

याच किनाऱ्यावर त्यापूर्वी १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा इंग्रजांनी व सिद्दीने बेटाची नाकेबंदी केली. मोठी इंग्रजी जहाजे जवळ असूनही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून बेटावर रसद नेत राहिल्या. आकाराने लहान व ओळखू न येणारी होडी मोठ्या नौकेस चकवू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. पुढील काळातील किनारी संरक्षणाची मुख्य अडचण हीच राहिली.

संकेतग्रंथ व बिनतारी संदेशवहन : एकोणिसाव्या शतकात ध्वजसंकेतांना शिस्त आली. ब्रिटिश व्यापार मंडळाने १८५७ मध्ये जहाजांसाठी संकेतांचा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय संकेतपद्धती विकसित झाली. हे संकेत सर्वांना खुले होते. सैनिकी संकेतग्रंथ मात्र गुप्त ठेवण्यात येत. १८८३ मध्ये ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी सैनिकी गुप्तलेखनासंबंधी एक मूलभूत तत्त्व मांडले : पद्धती शत्रूच्या हाती पडली, तरी केवळ किल्ली गुप्त असेपर्यंत संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. आजच्या कूटलेखनशास्त्राचाही हाच पाया आहे.

बिनतारी संदेशवहनामुळे दूरच्या नौकांशी तत्काळ संपर्क साधणे शक्य झाले. पण तारेतून जाणारा संदेश ऐकण्यासाठी तारेपर्यंत जावे लागत असे, तशी गरज आता उरली नाही. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईपूर्वी रशियन आरमार दिसल्याची वार्ता जपानी नौकेने बिनतारी यंत्राने दिली, हे नव्या साधनाचे यश होते. याउलट ऑगस्ट १९१४ मध्ये टॅननबर्गच्या लढाईच्या वेळी रशियन सैन्याचे अनेक आदेश साध्या भाषेत प्रक्षेपित झाले व ते जर्मनांना ऐकता आले. एकाच दशकात या साधनाचे गुण व दोष अशा रीतीने स्पष्ट झाले.

दुसरे महायुद्ध : या युद्धात हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांच्या हालचालींना विशेष महत्त्व आले. जुलै १९४० मध्ये ‘अटलांटिस’ या जर्मन युद्धनौकेने ‘सिटी ऑफ बगदाद’ हे ब्रिटिश जहाज पकडले. त्यावर दोस्तांच्या व्यापारी जहाजांसाठीचा संकेतग्रंथ सापडल्याने जर्मनांना अनेक संदेशांचा अर्थ लावता येऊ लागला. येथे कोणतीही गणिती उकल करावी लागली नव्हती; नष्ट करावयाचा ग्रंथ वेळीच नष्ट झाला नाही, एवढेच घडले होते.

कोकण किनाऱ्यावर याच्याशी संबंधित असा प्रसंग गोव्यात घडला. पोर्तुगाल तटस्थ असल्याने मार्मागोवा बंदरात ‘एहरेनफेल्स’ व इतर जर्मन जहाजे, तसेच एक इटालियन जहाज आश्रयास होते. ‘एहरेनफेल्स’वरील गुप्त प्रेषकावरून दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पुरविली जाते, असा ब्रिटिश गुप्तचरांचा समज होता. मार्च १९४३ मध्ये ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या स्वयंसेवी दलातील काही वयस्क मंडळींनी नागरी वेषात जाऊन त्यावर छापा घातला. त्यात ते जहाज बुडाले व इतरांना त्यांच्याच खलाशांनी आगी लावल्या. या प्रेषकाच्या प्रत्यक्ष परिणामाबाबत पुढे मतभेद झाले, तरी तटस्थ बंदरातील एका यंत्राच्या संशयाने एवढे धाडस करावे लागले, यावरून अज्ञात प्रेषकाची भीती किती होती, याची कल्पना येते.

याच काळात कंप्रता सतत बदलत ठेवून संदेश लपविण्याची कल्पना पुढे आली. अभिनेत्री हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेत या स्वरूपाच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. पाणतीरास दिल्या जाणाऱ्या रेडिओ आज्ञेत शत्रूने व्यत्यय आणू नये, हा तिचा हेतू होता. कंप्रता-उड्डाणाचे हे तत्त्व आजच्या सैनिकी रेडिओंत सर्रास वापरले जाते.

‘तलवार’वरील संप : यंत्र व संकेत पूर्णपणे सुरक्षित असले, तरी ते चालविणाऱ्यांचा विश्वास गमावला तर काय होते, याचे ठळक उदाहरण १९४६ मध्ये मुंबईत मिळाले. रॉयल इंडियन नेव्हीच्या संदेशवहन-शिक्षणाचे केंद्र असलेल्या कुलाबा (मुंबई) येथील ‘तलवार’ या तळावर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांनी निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि वेतनातील भेदभाव यांविरुद्ध संप पुकारला. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान व उपाध्यक्ष मदन सिंग हे दोघेही संदेशवहन शाखेतील होते. त्याआधी घोषणा लिहिल्याबद्दल अटक झालेले बलाई चंद दत्त हेही तारायंत्र-चालक होते. बिनतारी यंत्रे नाविकांच्याच हाती असल्याने उठावाची वार्ता कराचीपासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या नौकांना त्वरित मिळाली. एकूण ७८ नौका, २० किनारी तळ व सु. २०,००० नाविक यात सामील झाले. २३ फेब्रुवारीस संप मागे घेण्यात आला. ब्रिटिशांच्या नौदलाचे जाळे परक्या शत्रूने भेदले नव्हते. ज्यांच्या श्रमावर ते चालत होते, त्यांनीच ते आपल्या न्याय्य तक्रारीसाठी वापरले. संदेशवहनाच्या इतिहासात या घटनेचे जे महत्त्व आहे, त्याची दखल स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात संदेशांच्या ओळखीचा उपयोग फसवणुकीसाठी करण्यात आला. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अंदमानकडे नेण्यात आली असताना, ‘राजपूत’ या विनाशिकेवरून विशाखापट्टणमजवळ मोठ्या नौकेस शोभेल एवढी संदेशांची वर्दळ निर्माण करण्यात आली. ‘विक्रांत’च्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळच बुडाली. पश्चिम किनाऱ्यावर ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला केला. रशियात प्रशिक्षण घेतलेले भारतीय नौसैनिक त्या वेळी आपसांत रशियन भाषेत बोलत होते, असा उल्लेख या युद्धावरील लेखनात वारंवार येतो. संदेशातील मजकूर न कळताही, तो कोणाचा आहे व किती संख्येने येतो यांवरून शत्रू अनुमान काढतो. म्हणूनच ते अनुमान चुकविता येते. संदेशांच्या वर्दळीचे विश्लेषण हे सुरक्षिततेचे एक स्वतंत्र अंग मानले जाते, ते यामुळेच.

यानंतरचे दोन प्रसंग युद्धकाळातील नव्हते. १९९३ च्या जानेवारीत दिघी येथे आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. पुढे न्यायालयात काही सीमाशुल्क अधिकारी व पोलीस कर्मचारी यांचा या कटाला साहाय्य केल्याबद्दलचा अपराध सिद्ध झाला. किनाऱ्यावर बिनतारी यंत्रे नव्हती असे नाही. पण ज्या माणसाने पहिला इशारा द्यावयाचा, तोच गप्प राहिला. दस्तक तपासणाराच फितूर झाल्यावर दस्तकाला जसा अर्थ राहत नाही, तसेच हे होते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यातील दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार नौका वाटेत बळकावली आणि शेवटचा टप्पा रबरी होडीतून पार करून ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. हल्लेखोरांची त्यांच्या सूत्रधारांशी इंटरनेटमार्गे होत असलेली दूरध्वनी संभाषणे भारतीय यंत्रणांनी हल्ला चालू असताना ऐकली; परंतु हल्लेखोर भारतीय नौकेच्या ओळखीखाली आधीच आत आलेले होते. यानंतर २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली; मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कार्यवाही केंद्रे उभारण्यात आली; किनारी रडारांच्या साखळीचा पहिला टप्पा ४६ ठाण्यांचा होता व मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये गुरुग्राम येथे या सर्व माहितीचे एकत्रीकरण करणारे केंद्र सुरू झाले.

सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओ : परंपरागत रेडिओत कंप्रता निवडणे, परिरूपण करणे व संदेश अलग करणे ही कामे ठराविक मंडलांकडून होतात; त्यामुळे एक संच एकाच पद्धतीसाठी उपयोगी पडतो. नौदल, भूसेना व वायुसेना यांचे संच वेगवेगळ्या पद्धतींचे असल्यास त्यांचा परस्परांशी थेट संपर्क होत नाही. सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओत आकाशकाकडून आलेला सदृश संकेत शक्य तितक्या लवकर अंकीय रूपात बदलण्यात येतो आणि उरलेली कामे प्रक्रियकावर चालणाऱ्या आज्ञावलीकडून करून घेण्यात येतात. संदेशवहनाची संपूर्ण पद्धती सांगणाऱ्या अशा आज्ञावलीस तरंगरूप म्हणतात. आज्ञावली बदलली की तोच संच निराळ्या प्रकारचा रेडिओ बनतो. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत रूढ केली. त्याच सुमारास अमेरिकेच्या सैनिकी विभागाने ‘स्पीकईझी’ हा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला व १९९७ मध्ये सर्व सेनादलांसाठी समान रेडिओचा व्यापक कार्यक्रम सुरू केला. खर्च व गुंतागुंत वाढल्याने त्या कार्यक्रमाचे कार्यालय २०१२ मध्ये बंद झाले. तथापि तरंगरूप व यंत्रसामग्री यांना परस्परांपासून स्वतंत्र ठेवणारी त्यातील मानक रचना टिकून राहिली.

सुरक्षिततेचे घटक : अशा रेडिओच्या सुरक्षिततेचे पाच प्रमुख घटक मानता येतील. पहिला घटक संदेशाचे कूटलेखन होय. २००१ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारलेल्या प्रगत कूटलेखन पद्धतीत १२८, १९२ किंवा २५६ अंकांच्या द्विमान किल्ल्या वापरतात. १२८ अंकांच्या किल्लीच्या शक्यता एवढ्या प्रचंड असतात की, एकेक करून त्या तपासणे व्यवहारात अशक्य ठरते. दुसरा घटक प्रक्षेपणाची सुरक्षितता हा असून कंप्रता-उड्डाण व विस्तृत पट्ट्यात ऊर्जा पसरविणे ही त्याची साधने आहेत. त्यांमुळे प्रक्षेपण हुडकणे व त्यात व्यत्यय आणणे कठीण होते. तिसरा घटक किल्ल्यांचे व्यवस्थापन होय. किल्ल्या तयार करणे, त्या संचात भरणे, ठराविक काळाने बदलणे आणि संच शत्रूच्या हाती पडण्याचा संभव दिसताच त्या पुसून टाकणे, ही कामे त्यात येतात. १९४० मध्ये समुद्रात न टाकलेल्या संकेतग्रंथाची जागा आता या किल्ल्यांनी घेतली आहे. चौथा घटक म्हणजे उघडा मजकूर व कूटमजकूर हाताळणारे भाग संचाच्या आत एकमेकांपासून काटेकोरपणे अलग ठेवणे होय. पाचवा घटक आज्ञावलीची विश्वसनीयता हा आहे.

हा पाचवा घटक सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओत विशेष महत्त्वाचा ठरतो. जुन्या संचात गुप्तपणे बदल करावयाचा तर तो संच हाती असावा लागे. नव्या संचाचे स्वरूपच आज्ञावलीवर ठरत असल्याने, सदोष किंवा घातकी आज्ञावली आत शिरली तर संच बाह्यतः नीट चालत असूनही किल्ली बाहेर फोडू शकतो, चुकीच्या कंप्रतेवर बोलू शकतो किंवा ऐन वेळी मुका होऊ शकतो. यासाठी प्रत्येक आज्ञावलीवर तिच्या निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असते आणि संच चालू होताना प्रथम ती स्वाक्षरी तपासून मगच आज्ञावली स्वीकारली जाते. येथे पुन्हा दस्तकाचेच तत्त्व आढळते : शिक्का कोणाचा, तो खरा कशावरून आणि तपासणारा विश्वासू आहे का.

पद्धती गुप्त ठेवण्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे जुलै २०२३ मध्ये दिसून आले. पोलीस व आपत्कालीन सेवांसाठी अनेक देशांत वापरण्यात येणाऱ्या ‘टेट्रा’ या रेडिओपद्धतीतील एका कूटलेखन प्रकाराची किल्ली नावाला ८० अंकांची असली, तरी प्रत्यक्षात तिचे बळ ३२ अंकांइतकेच राहते, असे नेदरलँड्‌समधील संशोधकांनी उघड केले. ३२ अंकांच्या किल्लीच्या सु. ४२९ कोटी शक्यता असतात व साध्या संगणकावरही त्या अल्पावधीत तपासता येतात. ही पद्धती सुमारे पाव शतक गुप्त राहिल्याने हा दोष तोवर जगापुढे आला नव्हता. केर्कहॉफ्स यांचे तत्त्व डावलल्याचा हा परिणाम होय.

भारतातील विकास : ८ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगाशी नौदलासाठी सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओ पुरविण्याचा १,००० कोटी रुपयांहून अधिक किंमतीचा करार केला. डेहराडून येथील संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स अनुप्रयोग प्रयोगशाळा, बंगळूरु येथील कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबॉटिकी केंद्र, नौदलाची शस्त्रास्त्र व इलेक्ट्रॉनिक प्रणालींची अभियांत्रिकी संस्था, भारत इलेक्ट्रॉनिक्स व स्वतः नौदल यांनी मिळून हा संच विकसित केला. नौकांवर बसविण्याचा हा चार वाहिन्यांचा संच असून तो नौका-नौका, नौका-किनारा व नौका-विमान अशा तिन्ही प्रकारच्या ध्वनी व विदा संदेशवहनासाठी योजलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेने तिन्ही सेनादलांच्या सहकार्याने तयार केलेला, ‘इर्सा’ या आद्याक्षरनामाचा भारतीय रेडिओ सॉफ्टवेअर रचनेचा १.० हा मानक आराखडा प्रसिद्ध झाला. एका निर्मात्याचे तरंगरूप दुसऱ्याच्या संचावर चालावे, हा त्याचा उद्देश आहे. तरंगरूप व कूटलेखन देशातच लिहिले गेले, म्हणजे शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. स्वदेशी विकासाचे संरक्षणदृष्ट्या महत्त्व किंमतीपेक्षा याच कारणासाठी अधिक आहे.

खुल्या संदेशवहनाचा प्रश्न : युद्धनौकांवरील संच कितीही सुरक्षित केले, तरी या किनाऱ्यावरील बहुसंख्य प्रक्षेपणे खुलीच असतात व ती तशी असणे आवश्यक आहे. १५६.८ मेगॅहर्ट्‌झ ही सोळाव्या वाहिनीची कंप्रता संकटकालीन हाकेसाठी राखीव आहे. तिच्यावर कूटलेखन केल्यास बुडणाऱ्याची हाक जवळच्या नौकेस समजणार नाही. मोठ्या व्यापारी जहाजांना आपले नाव, स्थान व वेग प्रक्षेपित करणारी स्वयंचलित ओळखप्रणाली बाळगावी लागते. तिचे संदेश १६१.९७५ व १६२.०२५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांवर जातात. परंतु ते खरोखर त्याच जहाजाचे आहेत हे सिद्ध करणारी कोणतीही सोय त्या प्रणालीत नाही. साध्या संगणकाला जोडता येणारे अल्पमोल सॉफ्टवेअर-नियंत्रित ग्राही २०१२ नंतर सर्वत्र उपलब्ध झाल्याने हे संदेश ऐकणे कोणासही शक्य झाले आहे आणि योग्य प्रेषक हाती असल्यास खोटे संदेश पाठविणेही कठीण राहिलेले नाही.

अलीकडच्या काही घटनांवरून या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू दिसतात. २२ सप्टेंबर २०१६ रोजी उरण येथे शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितल्याने नौदलासह सर्व यंत्रणा सतर्क झाल्या. मोठ्या शोधानंतरही कोणी सापडले नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ ही निर्मनुष्य नौका किनाऱ्याला लागली व तीवर तीन एके-४७ बंदुका आढळल्या. इंजिन बंद पडल्याने तिच्यावरील माणसांची जून अखेरीस मस्कतजवळ सुटका झाली होती आणि त्यानंतर सुमारे आठ आठवडे ती वाहत आली होती. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद नौका दिसल्याने शोधमोहीम काढण्यात आली. तो पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याचा वाहत आलेला तरंगक असावा, असे नंतर पोलिसांनी सांगितले. पहिल्या घटनेत माणसाची साक्ष होती पण पुरावा मिळाला नाही. दुसऱ्या घटनेत प्रत्यक्ष नौका आली पण तिच्याकडून कोणतीच खूण आली नाही. तिसऱ्या घटनेत खूण मिळाली पण नौकाच नव्हती. या तिन्ही प्रसंगी कोणतेही कूटलेखन उपयोगी पडले नसते. वारंवार येणारे असे इशारे निराधार ठरले, म्हणजे पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढतो आणि प्रत्येक मोहिमेच्या वेळी मासेमारी थांबल्याने कोळ्यांच्या रोजगारावरही परिणाम होतो.

मूल्यमापन : कान्होजींच्या काळी दस्तक हा कागद होता, दुसऱ्या महायुद्धात त्याची जागा संकेतग्रंथाने घेतली आणि आज ती किल्ली व अंकीय स्वाक्षरी यांनी घेतली आहे. साधने बदलली, तरी सुरक्षितता अखेरीस शिक्का देणाऱ्याच्या अधिकारावर व तो तपासणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहिली. सॉफ्टवेअर-नियंत्रित रेडिओमुळे सेनादलांतील परस्परसंपर्क सुलभ झाला व गुप्तता वाढली. तथापि लहान नौकांची खात्रीशीर ओळख पटविण्याची सोय आणि किनाऱ्यावरील माणसांचा विश्वास हे दोन विषय त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. अपरिचित होडी प्रथम पाहणारा बहुधा कोळीच असतो. त्याच्या हाती चालू स्थितीतील रेडिओ संच असणे, त्याने कळविलेल्या माहितीची तत्परतेने दखल घेतली जाणे आणि माहिती दिल्याबद्दल त्यालाच त्रास न होणे, यांचाही समावेश रायगड किनाऱ्याच्या संदेशवहन-सुरक्षिततेत करावा लागतो.